विसाव्या मिनिटाला सायकल आडवी: जंगलवाटेवर मूल दर वेळी का अडतं?

प्रकार साधारण असा असतो. घरून निघताना मूल नाचत असतं. हेल्मेट न सांगता डोक्यावर, "मीच पुढे" म्हणून भांडण. झाडीतली वाट सुरू होते, पहिली दहा मिनिटं सायकल भिरभिरत जाते, आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास सायकल आडवी पडते. मूल शेजारी फतकल मारून बसतं. "मला नाही चालवायची." तुम्ही समजावता, मग आमिष दाखवता, मग तुमचा आवाज चढतो, मग रडारड. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, आणि बरेचदा अगदी त्याच वळणावर.

आमची थोरली साडेपाच वर्षांची असताना हे एक अख्खा मोसम चाललं. त्या काळात मी तिला हट्टी, लाडावलेली, लगेच हात टेकणारी असं बरंच काही ठरवून मोकळा झालो होतो. एकदा ती रुसून बसली असताना मी नुसताच तिची सायकल चाळवत होतो. सहज पुढचा ब्रेक माझ्या करंगळीनं दाबून पाहिला. दाबला गेला, पण करंगळी दुखली. एवढ्याशा पंजानं ती हा ब्रेक अख्ख्या उतारभर धरून येत होती. उतार संपला की बसायची, कारण हातात काही उरायचंच नाही. आणि मी तिला जिद्द या विषयावर भाषण देत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलाय. मूल अडलं की आधी सायकल तपासायची, मग वाट, मग पोट. मुलाचा स्वभाव सगळ्यात शेवटी. धाकट्याच्या वेळी शेवटच्या पायरीपर्यंत फारसं जावंच लागलं नाही. पुढचं सगळं साधारण चार ते आठ वर्षांच्या, स्वतः पेडल मारणाऱ्या आणि १४ ते २० इंची चाकांची सायकल चालवणाऱ्या मुलांसाठी आहे.

आधी एवढंच पाहा: कुठे अडतं?

"का अडलास?" असं मुलाला विचारून उपयोग नसतो. पाच वर्षांच्या मुलाकडे "माझा ब्रेक जड आहे" हे वाक्य नसतं. त्याला सायकल अशीच असते असं वाटतं. त्याच्या तोंडून येतं ते "कंटाळा आला", "पाय दुखतात" किंवा नुसतंच "नको". म्हणून तीन-चार फेऱ्या फक्त जागा लक्षात ठेवा. चढाच्या मध्यावर थांबतं? उतार संपल्यावर थांबतं, की उतार सुरू होण्याआधीच? मुळांचं जाळं आलं की उतरून चालू लागतं? की सपाट, सोप्या वाटेवरही बसतं? या चारही ठिकाणच्या अडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

चढावर अडत असेल तर

इथे बहुतेक वेळा दोष नुसत्या हिशेबाचा असतो. २० इंची चाकांच्या पुष्कळ साध्या सायकली ११-१२ किलोंच्या असतात. सायकल १२ किलोंची आणि मूल २० किलोंचं असेल, तर ते आपल्या वजनाच्या ६० टक्के लोखंड चढावर ओढत असतं. ७० किलोंच्या माणसाला याच मापाची सायकल दिली तर ती ४२ किलोंची होईल. ती घेऊन तुम्ही किती मिनिटं चढाल, हे स्वतःलाच विचारा.

सायकल लगेच बदलता येत नाही, पण वजन कमी करता येतं. स्टँड, मडगार्ड, चेनचं जाड झाकण, घंटांची माळ, मागचं कॅरिअर यातलं जंगलात काय लागतं ते पाहा आणि बाकीचं काढा. चेनचं झाकण काढलंत तर मुलाच्या पँटचा उजवा पाय मोज्यात खोचायला विसरू नका.

त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे गिअर. एक सोपं गणित करा: पुढच्या चेनव्हीलचे (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकतीचे) दात भागिले मागच्या फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीचे) दात, गुणिले चाकाचा व्यास इंचांत. उत्तर जितकं लहान, तितकं पेडल हलकं. १६ इंची बिनगिअरच्या सायकलवर पुढे ३२ आणि मागे १६ दात असतील, तर उत्तर येतं ३२. आता तुमची स्वतःची सायकल घ्या. हल्लीच्या माउंटन बाइकवर पुढे ३०, मागे सर्वांत मोठी चकती ५१ दातांची आणि चाक २९ इंची असेल, तर सर्वांत हलक्या गिअरचं उत्तर येतं जेमतेम १७. म्हणजे पेडलच्या एका फेरीत तुम्ही साधारण १.३५ मीटर पुढे जाता आणि त्याच चढावर ते पोर दर फेरीला अडीच मीटर ढकलत असतं. वर तुम्ही त्याला म्हणता, "बघ, बाबा कसा आरामात चढतोय."

बिनगिअरच्या सायकलवर मागचं फ्रीव्हील १६ ऐवजी १८ किंवा २० दातांचं टाकता येतं. सोबत चेन थोडी लांब लागेल. सपाटीवर मुलाचे पाय जास्त भरभर फिरतील, पण जंगलात वेगाची घाई कुणाला असते? गिअरवाल्या २० इंची सायकलवर पुढे ३६ आणि मागे सर्वांत मोठी चकती २८ असेल तर उत्तर २५-२६ येतं. पुढे २८ दातांचं चेनव्हील बसलं की तेच २० वर येतं. मागे ३४ ची चकती टाकायचा विचार असेल, तर मागचा डेरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी चकती पेलतो का, हे आधी मेकॅनिककडून पाहून घ्या.

हलका गिअर असूनही मूल तो वापरत नसेल, तर तो त्याला पडतो का ते तपासा. मूठ पिळून बदलायचे गिअर लहान हातांना फार जड जातात, विशेषतः केबल गंजलेली किंवा तिचं आवरण वाकलेलं असेल तेव्हा. नवी केबल आणि नवं आवरण, एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. दुसरी गोष्ट वेळेची. मूल चढाच्या मध्यावर, पाय अडकल्यावर गिअर बदलायला जातं आणि तेव्हा चेन करकरते, सरकत नाही. चढ सुरू व्हायच्या दहा मीटर आधीच "चढ आला, हलका कर" असं सांगायचं. आम्ही हलक्या गिअरच्या आकड्यावर मुंगीचं चित्र चिकटवलं होतं. "मुंगी लाव" म्हटलं की काम झालं.

क्रँकची, म्हणजे पेडल ज्या दांड्यावर बसतं त्याची, लांबीही एकदा मोजा. पेडलच्या आसाच्या मध्यापासून खालच्या मोठ्या आसाच्या मध्यापर्यंतचं अंतर ते. ढोबळ नियम असा की ते मुलाच्या उंचीच्या एक दशांशाच्या आसपास असावं. ११५ सेंटीमीटरच्या मुलाला साडेअकरा. पुष्कळ लहान सायकलींवर १४ किंवा १५ सेंटीमीटरचे क्रँक असतात. मग पेडल वर आलं की गुडघा छातीकडे जातो आणि तिथून जोर लावताच येत नाही. सीट फार खाली असली तरी हेच होतं. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील एवढी खाली सीट शिकताना ठीक, पण चढावर तीच पाय मोडते. चढाआधी दोन बोटं वर, उतारापूर्वी पुन्हा खाली. सीटच्या दांड्याला हाताने उघडणारा क्लॅम्प (आवळपट्टा) बसवला की पाना काढावा लागत नाही.

आणि हे सगळं करूनही चढ मोठाच असेल, तर ओढदोर. ताणला जाणारा, रबरी गाभ्याचा. एक टोक तुमच्या सीटच्या दांड्याला, दुसऱ्या टोकाचा फास मुलाच्या हँडलच्या बरोबर मध्यावर. ताणला जाणारा असल्यामुळे हिसका बसत नाही. दोन अटी मात्र कडक पाळायच्या: फास मुलाला स्वतःला काढता यायला हवा, आणि दोर फक्त चढावर व सरळ वाटेवर, उतारावर किंवा झाडांमधल्या नागमोडी वळणांवर कधीच नाही. काही पालकांना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. ओढदोर आल्यापासून आमच्या फेऱ्यांमधलं अर्धं रडगाणं बंद झालं, आणि मी मात्र दमायला लागलो.

उतारावर, किंवा उतार संपल्यावर अडत असेल तर

इथे ब्रेकपाशी मुक्काम करा. इतर कशाहीपेक्षा मी इथे जास्त वेळ घालवतो, कारण मुलाच्या भीतीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. ज्याला थांबता येत नाही ते घाबरणारच. ते भित्रेपण नव्हे, अक्कल आहे.

पहिली चाचणी सपाट जागी. मुलाला सायकलवर बसवा, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर ठेवून घट्ट धरायला सांगा आणि सायकल मागून ढकला. चाकं फिरली तर जंगलातल्या उतारावर ती फिरणारच.

फिरली, तर आधी लिव्हर, म्हणजे बोटांनी ओढायची ब्रेकची दांडी, हँडलपासून किती दूर आहे ते पाहा. मूठ धरल्यावर मुलाच्या बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर आरामात टेकायला हवं. टेकत नसेल तर मूल दर वेळी मूठ सोडून, बोटं ताणून ब्रेक पकडतं. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच त्याची हँडलवरची पकड ढिली होते. बहुतेक लिव्हरवर, हँडलच्या जवळच, एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की लिव्हर हँडलकडे सरकते. त्यानंतर केबलचा ताण पुन्हा नीट करावा लागतो, आणि लिव्हर हँडलला टेकायच्या आधी ब्रेक लागतो ना, तेही पाहावं लागतं. हा दुसरा भाग विसरून मी एकदा स्वतःच घोटाळा केला होता. सुदैवानं अंगणातच कळलं.

मग लिव्हरची जागा. पुष्कळदा ती मुठीला अगदी चिकटून बसवलेली असते, म्हणून मुलाची बोटं लिव्हरच्या मुळाशी पडतात. तरफेचा साधा नियम आहे: टोकाशी दाबलं की कमी जोर लागतो. लिव्हरचा पट्टा ढिला करून ती हँडलच्या मध्याकडे थोडी सरकवा, म्हणजे बोटं टोकावर येतील. त्याच वेळी तिचा कोनही असा ठेवा की उभं राहून ब्रेक धरताना मनगट सरळ राहील, वर मुडपणार नाही.

तरीही ब्रेक जड असेल तर केबल. ब्रेकच्या बाजूनं केबल सोडवा आणि हातानं मागेपुढे ओढून पाहा. खरखर लागली तर आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला. नुसतं तेल मारून आठवडाभर बरं वाटतं, मग धूळ चिकटून पुन्हा तेच. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर पॅड आणि रिममधलं अंतर दोन्ही बाजूंना सारखं, एक-दोन मिलिमीटर एवढंच असावं. रिम ओली झाली की हे ब्रेक उशिरा लागतात, म्हणून ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके धरून थोडं अंतर चालवायला मुलाला शिकवा.

उलट पेडल मारून लागणारा ब्रेक असेल, तर जंगलवाटेसाठी तो माझ्या मते नकोच. एकतर मुळांवरून जाताना दोन्ही पेडलं आडव्या रेषेत आणायला पाय मागे फिरवावे लागतात, आणि फिरवले की ब्रेकच लागतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे: खडबडीत वाटेवर चेन उतरली की हा ब्रेकही गेला. तीच सायकल वापरायची असेल, तर हाताचे दोन्ही ब्रेक चालतात याची खात्री करा आणि चेनचा ताण दर खेपेला पाहा. मध्यावर बोटानं दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर हलली की ठीक.

ब्रेक हलके झाले तरी बहुतेक मुलं अख्ख्या उतारभर ते धरूनच ठेवतात. मग खाली येईपर्यंत पंजे आखडतात. याला उपाय म्हणजे उताराचे तुकडे करणं. "त्या वाकड्या झाडापाशी थांबायचं." थांबलं की हात झटकायचे, मुठी उघडायच्या-मिटायच्या, मग पुढचं झाड. आपण मोठी माणसं सलग उतरण्याच्या नादात असतो. लहान हाताला तेवढी सवलत नसते.

हेल्मेटही इथेच तपासा, कारण उतारावरच्या धक्क्यांनी ढिलं हेल्मेट पुढे सरकून डोळ्यांवर येतं आणि मुलाला समोरचं दिसेनासं होतं. कडा भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीच्या आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. डोक्याच्या मागे उंच बांधलेला केसांचा बो असेल तर हेल्मेट कधीच नीट बसत नाही. मानेजवळ सैल वेणी घाला.

अंग कसं ठेवायचं यावर लांब पाठ देऊ नका. "पाय सपाट, बूड वर" एवढं पुरतं: दोन्ही पेडलं आडव्या रेषेत, बूड सीटपासून किंचित उचललेलं, गुडघे-कोपर सैल. धाकट्याला "बूड" या शब्दाचं एवढं हसू यायचं की तो भीतीच विसरायचा.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. मागून ओरडू नका. "सावकाश!" असं मागून आलं की मूल मान वळवतं, मानेबरोबर खांदे वळतात, खांद्यांबरोबर हँडल, आणि सायकल वाटेबाहेर. अवघड उतारावर मोठ्यानं पुढे राहावं, मुलाला जमेल त्या वेगात, मुलानं घ्यावी त्याच रेषेत. सोप्या वाटेवर मागे. दोघं मोठे असतील तर एक पुढे, एक मागे.

मुळांचं जाळं आलं की उतरून चालतं

इथे मुलाचं म्हणणं भूमितीच्या दृष्टीनं खरं असतं. आठ सेंटीमीटर उंचीची मुळी २९ इंची चाकाला जिथे टेकते, तो बिंदू चाकाच्या खालच्या टोकापासून ३८ अंशांवर येतो. २० इंची चाकाला तीच मुळी ४७ अंशांवर, आणि १६ इंची चाकाला ५३ अंशांवर भिडते. तुमच्यासाठी जो उंचवटा आहे, तो त्याच्यासाठी पायरी असते. शिवाय दोन मुळांच्या मधल्या खोबणीवरून मोठं चाक तरंगत जातं, छोटं चाक आत पडतं.

चाक मोठं करता येत नाही, पण टायर मऊ करता येतं. कुणी मला एकच उपाय विचारला तर मी टायरमधली हवा सांगेन. बहुतेक मुलांच्या सायकलींत ४० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास किंवा जास्तच हवा असते, कारण टायरच्या कडेवर मोठा आकडा छापलेला असतो आणि हवा भरणारा तेवढी भरतो. तो आकडा कमाल मर्यादेचा आहे, शिफारशीचा नव्हे. ८० किलोंचा माणूस जंगलात रुंद टायरमध्ये २०-२५ पीएसआय ठेवून आरामात फिरतो. २० किलोंच्या मुलाखाली ४० पीएसआयचं टायर म्हणजे दगड. प्रत्येक मुळीवर ते उसळतं, हँडल हातातून सुटू पाहतं, आणि ओल्या मुळीवर टायर जरासुद्धा चपटं होत नसल्यामुळे पकडच मिळत नाही.

दोन इंच रुंदीचं टायर आणि २० किलोंच्या आसपासचं मूल असेल, तर १५ पीएसआयपासून सुरुवात करा. टायर अरुंद असेल तर २०. टायरवर किमान आकडाही छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. तो फार वर असेल तर ते टायरच जंगलाचं नाही असं समजा आणि फ्रेममध्ये मावेल एवढं रुंद, खाचांचं टायर घ्या. घेताना कडेवरची मिलिमीटरमधली संख्या जुळवा: २० इंचीसाठी ४०६, १६ इंचीसाठी ३०५. नुसत्या इंचांवर विसंबू नका, एकाच इंचाच्या नावाखाली वेगवेगळ्या मापाच्या रिम असतात.

मोठ्या पंपावरचा काटा एवढ्या कमी दाबाला अजिबात भरवशाचा नसतो. ३० पीएसआयपर्यंतच मोजणारा छोटा मापक वेगळा ठेवा. तो नसेल तर मुलाला सायकलवर बसवून मागचं टायर पाहा. जमिनीपाशी किंचित फुगवटा दिसायला हवा. मग चार बोटं उंचीच्या पायरीवरून सायकल उतरवून पाहा. रिम ठक्कन आपटली तर दोन पीएसआय वाढवा. थोरलीच्या सायकलमधली हवा मी ४० वरून १६ वर आणली त्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, वाट पुसून घेतली का?"

पुढच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यांबद्दल, दोन शब्द. लहान सायकलींवर जे स्वस्तातले सस्पेन्शन फोर्क येतात, ते दोन किलोंच्या वर भरतात आणि २० किलोंच्या मुलाखाली दबतसुद्धा नाहीत. दिसतात मात्र झकास. मूल त्यावर हटून बसेल हे गृहीत धरा.

सायकल ठीक केल्यावर रेष शिकवा. मुळीला शक्य तेवढं काटकोनात भिडायचं, तिरकं नाही. ब्रेक मुळीच्या आधी, मुळीवर नाही. ओल्या मुळीवर ब्रेक धरला की चाक सटकलंच. आणि नजर. मूल ज्या झाडाला घाबरतं त्याच्याकडेच बघतं, आणि जिकडे नजर तिकडे सायकल. म्हणून "झाडाला धडकू नको" हे वाक्य कटाक्षानं टाळा. "दोन झाडांमधल्या फटीकडे बघ" म्हणा.

काही मुलं मुळांवर पेडल सोडून दोन्ही पाय टेकवत टेकवत जातात. जाऊ द्या. १८१७ साली कार्ल ड्राइसनं जर्मनीत जे दोनचाकी यंत्र काढलं त्याला पेडलं नव्हतीच. मोठमोठी माणसं जमिनीला पाय मारतच ते पळवत होती. पाय टेकून पार झालेली मुळं दोन-चार फेऱ्यांनी न टेकता पार होतात.

सपाट वाटेवर, काहीच कारण नसताना

सायकल निर्दोष आहे आणि वाटही सोपी आहे, तर पोट, थंडी आणि वेग. मुलं आपल्यासारखी एका लयीत तासभर चालवत नाहीत. त्यांचं असतं जोरात धाव, थांब, पुन्हा धाव. तुम्ही संथ एकसुरी वेग धरलात तर ती लवकर विटतात. विसाव्या मिनिटाला अडतं ना? मग बाराव्या मिनिटाला, ते आनंदात असतानाच, तुम्ही स्वतःहून थांबा. पाणी, दोन घास खाऊ, एखादा किडा बघणं, आणि पुढे. भूक लागल्यावर दिलेला खाऊ उशिराचा असतो.

थंडीत बोटं गारठली की ब्रेकची सगळी वरची चर्चा फुकट. पातळ हातमोजे घाला. जाड मोज्यांनी लिव्हर धरता येत नाही.

वाट निवडताना पाच किलोमीटरच्या एका मोठ्या फेरीपेक्षा दीड किलोमीटरची तीनदा घेतलेली फेरी चांगली. दुसऱ्या खेपेला मुलाला पुढचं वळण माहीत असतं, आणि दर फेरीला घरी जायची सोय असते. सायकलींसाठी आखलेल्या ट्रेलवर सोप्यापासून अवघडाकडे हिरवा, निळा, लाल, काळा असे रंग असतात. काही देशांत सर्वांत सोप्याला पांढरा. तो रंग मुख्यतः वाट किती अवघड ते सांगतो, पाच वर्षांचं मूल तिथे किती दमेल ते नाही. हिरवी पण लांबलचक चढाची वाट मुलाला छोट्या निळ्या वाटेपेक्षा जास्त छळते. पाटीवरचा रंग नंतर, किलोमीटर आणि चढाचे मीटर आधी वाचा.

आत्ता, या क्षणी, ते बसलंय. काय करू?

बसा. त्याच्या शेजारी, जमिनीवर. सायकल उचलू नका, घड्याळ बघू नका. पडून बसलं असेल तर "काही नाही झालं" म्हणू नका. "कुठे लागलं, दाखव" म्हणा आणि खरंच बघा. हेल्मेट आपटलं असेल तर ते नीट पाहा. तडा गेला असेल किंवा जोरात आपटलं असेल तर ते बाद, आणि त्या दिवसाची सायकलही बंद. मूल गुंगल्यासारखं वाटलं, उलटी झाली किंवा डोकं दुखतंय म्हणालं, तर थेट डॉक्टर.

तसं काही नसेल तर पाणी द्या आणि पाच मिनिटं गप्प राहा. तेवढ्यात अंगठ्यानं टायर दाबा, करंगळीनं ब्रेक दाबा. टायर टणक असेल तर तिथल्या तिथे थोडी हवा सोडा, लिव्हरचा स्क्रू फिरवा, सीट खाली घ्या. खिशात घडीचा पाना असला की हे सगळं वाटेतच होतं. मुलाला ते करताना बघू द्या. "तुझी सायकल त्रास देत होती, आता बघू" हे ऐकून पुष्कळदा चेहरा बदलतो, कारण पहिल्यांदाच दोष त्याच्याकडून सायकलकडे गेलेला असतो.

तरीही नाही म्हणालं तर परत फिरा. सौदा नाही, "एवढं वळण तरी" नाही. एका हातानं छोटी सायकल धरून मुळांवरून स्वतःची चालवायच्या फंदात पडू नका, दोन्ही सायकली आणि तुम्ही असे तिघं पडाल. पंक्चर झालेली जुनी ट्यूब पिशवीत असू द्या. तिचं एक टोक मुलाच्या सायकलच्या सीटखाली, दुसरं हँडलच्या मध्याला बांधायचं आणि सायकल पाठीवर आडवी अडकवायची, स्वतःची हातात धरून चालायचं. मूल पुढे मोकळं चालतं, काठ्या गोळा करतं. आमची थोरली बरेचदा शंभरेक पावलांनी मागे वळून सायकल परत मागायची. मागितली की काही न बोलता द्यायची. फक्त अडकवताना चेनची बाजू बाहेर राहील असं बघा, नाहीतर पाठीवर काळ्या ग्रीसचा पट्टा उमटतो आणि तो धुतल्यानं जात नाही.